आलू अशुद्ध, बटाटा शुद्ध?

परवा नातवाच्या वहीत ‘आलू’वर तांबडी रेघ दिसली. समासात मास्तरांचा शेरा: ‘हिंदी शब्द. बटाटा लिही.’ चिखलीच्या बाजारात मी जन्मभर आलूच घेत आलो. म्हणजे जन्मभर अशुद्धच खाल्ले म्हणायचे!

आता हा बटाटा कोणत्या घरचा? मूळचा कॅरिबियन बेटांतला, पोर्तुगीजांच्या गलबतातून आपल्या किनाऱ्यावर उतरलेला. उलट ‘आलु’ हे कंदाचे जुने संस्कृत नाव. ते हिंदीने घेतले म्हणून आमचे उरले नाही, हे कोठले तर्कशास्त्र? बुलढाणा १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात होता, एवढ्यावरून आमच्या जिभेवर संशय घ्यायचा? मग ‘लीळाचरित्र’ ज्या ऋद्धिपुरात लिहिले गेले, ते वऱ्हाडातच ना?

आयर्लंडातली गोष्ट पाहा. या भाजीला मन्स्टरकडे ‘प्राता’ म्हणतात, कॉनाक्टकडे ‘फाता’, अल्स्टरकडे ‘प्रेता’. (आपल्या कानाला शेवटचे जरा अभद्रच.) हे पीक रोगाने बुडाले आणि १८४५ पासूनच्या दुष्काळात तिथे सुमारे दहा लाख माणसे गेली. त्या लोकांनी प्रमाणभाषेसाठी ‘प्राता’ निवडला खरा, पण बाकीच्या दोघांना कोशाबाहेर हाकलले नाही.

आमच्याकडे आज आलू गेला, तर उद्या भेदरं जाईल, परवा सांबार. सांबार म्हणजे आमची कोथिंबीर हो. पुणेकर पाहुण्याने मागितले तर आम्ही जुडीच हातात ठेवू.

त्या तांबड्या रेघेखाली मी निळ्या शाईने पुन्हा ‘आलू’ लिहिले आहे. मास्तरांनी सोमवारी भेटावयास बोलावले आहे. जाणार आहे.