पंचनाम्यावरची सही

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या पुरात सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या नदीकाठी दावणीची जनावरे बुडाली, काही वाहून गेली. असे संकट आले की तलाठी येतात, पशुवैद्यक येतात, पंचनामा होतो आणि गावातल्याच दोन-चार माणसांना पंच म्हणून सही करायला बोलावले जाते. ही सही आपण फार सहज करून टाकतो. पण पंच म्हणजे साक्षीदार, आणि साक्ष म्हणजे शहादत. तिचा हिशेब तहसील कार्यालयात संपत नाही.

मदतीचे दर ठरलेले आहेत. दुधाळ गाय किंवा म्हैस दगावली तर ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलासाठी ३२,०००, वासरासाठी २०,०००, शेळी-मेंढीसाठी ४,००० आणि कोंबडीमागे १०० रुपये. एरवी एका कुटुंबाला तीनच मोठ्या दुधाळ जनावरांची मदत मिळते. ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये राज्य सरकारने ही मर्यादा काढली.

चांगली दुभती म्हैस ३७,५०० रुपयांत मिळत नाही, हे खरे. म्हणूनच कुणी म्हणतो, "सरकार कमीच देते, एक जनावर जास्त लिहा." कमी मिळते ही तक्रार रास्त आहे. ती अर्ज करून, मोर्चा काढून मांडावी. पण जे जनावर गोठ्यात नव्हतेच, त्याचे पैसे घरात आले तर त्यात बरकत कुठून येणार? आणि सही करणारा पंच त्या खोटेपणात बरोबरीचा वाटेकरी होतो.

दुसरी चूक याहून जास्त घडते, आणि ती कुणाला चूक वाटत नाही. गावाच्या टोकाला राहणाऱ्या बेवा बहिणीच्या पाच शेळ्या गेल्या. करडे बकरी ईदला विकून ती मुलांची फी भरत होती. कुणी सांगितले नाही म्हणून तिने मेलेल्या शेळ्या पुरून टाकल्या. यादीत तिचे नाव नाही. तिचे २०,००० रुपये गेले. तिच्या शेळ्या रोज पाहणारे आपण पंचनाम्याच्या वेळी गप्प राहिलो. कुरआनने खोटी गवाही जशी नाकारली, तशीच गवाही लपवणेही गुनाह ठरवले आहे.

काही कामे संकटाआधीच करायची असतात. १ जून २०२४ पासून कानात बारा अंकी बिल्ला नसलेल्या जनावराची भरपाई राज्यात मिळत नाही. उंट आधी बांधावा, मग तवक्कल करावे, ही शिकवण घराघरांत ठाऊक आहे. आज बिल्ला मारून घेणे म्हणजे उंट बांधणेच. शेळ्या आईच्या किंवा बहिणीच्या असतील तर नोंद तिच्याच नावावर करा आणि तिचे बँक खाते आधारला जोडून घ्या. जनावर दगावले तर पुरण्याआधी बिल्ल्यासह फोटो काढा, तलाठी आणि पशुवैद्यकाला कळवा.

येत्या जुम्याला नमाजनंतर मोहल्ल्यातल्या दोन तरुणांनी वही घेऊन घरोघर फिरावे. कुणाकडे किती जनावरे, किती बिल्ले, एवढेच लिहावे. पुढच्या पावसाळ्यात सही करताना ती वही आपल्याला जास्त लिहू देणार नाही, आणि कुणाला विसरूही देणार नाही.