सोळावा आकडा शून्य कसा झाला? कॉम्प्युटरवाल्यांना आपल्या सहा छोट्या सूचना



बंदी लागली की जेटीवरचा गलका कमी होतो आणि संस्थेच्या ऑफिसातला वाढतो. १ जून ते ३१ जुलै होड्या वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, इंजिनं उघडलेली. कागदपत्रांची सगळी कामंही ह्याच दोन महिन्यांत उरकायची असतात. परवाना, विमा, डिझेलच्या कराच्या परताव्याची यादी, खलाशांची ओळखपत्रं, सगळं त्या कोपऱ्यातल्या एकाच कॉम्प्युटरवर चालतं.

आज त्या कॉम्प्युटरबद्दलच लिहितोय. डिझेलचा भाव सोडून हे काय भलतंच, असं काही जण म्हणतील. पण गेल्या बंदीत जे झालं ते आधी ऐका.

परताव्याची यादी करून पुढे पाठवली होती. बाकी सगळ्यांचे पैसे जमा झाले, एका सभासदाचे परत गेले. खातं क्रमांक चुकीचा. त्यांनी त्या पैशांवर इंजिनाचं काम काढलं होतं. मेकॅनिकला थांबवता येईना, म्हणून त्यांनी उसने घेतले. कमिटीच्या बैठकीत विषय आला आणि आम्ही सगळे मिळून ऑफिसातल्या मुलीला बोललो. "बघून टाइप करत जा गो, लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे." ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला कॉम्प्युटरसमोर बोलावलं. पासबुक समोर ठेवलं आणि तोच नंबर पुन्हा टाइप केला. सोळा आकडे, एकेक करून, आम्ही मोजत होतो. शेवटचा सहा. तिने एंटर दाबलं. नंबरच्या जागी भलतंच काहीतरी दिसलं, १.२३ असं काही आणि पुढे ई+१५. तिने त्या चौकटीवर पुन्हा क्लिक केलं, पूर्ण नंबर दिसला, आणि शेवटच्या सहाचा शून्य झालेला.

चूक तिची नव्हतीच. तक्त्याची काही सॉफ्टवेअर कुठलाही आकडा पंधरा अंकांपर्यंतच धरतात, त्यापुढचे अंक शून्य करून टाकतात. बेरीज-वजाबाकीला हे चालून जातं. पण खातं क्रमांकाची कोणी बेरीज करत नाही, तो खात्याचा पत्ता असतो. आणि हे करताना सॉफ्टवेअर साधी घंटी पण वाजवत नाही. आम्ही तिची माफी मागितली, आज इथे जाहीर पण मागतो.

तेव्हापासून आम्ही कॉम्प्युटरजवळ एक वही ठेवलीय. काम करताना जे अडतं ते त्यात लिहायचं. वर्षभरात वही निम्मी भरली. त्यातल्याच सहा सूचना इथे मांडतो. एकही मोठी नाही. नवीन मशीन नको, पैसे नकोत. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी थोडं आमच्या बाजूने बसून बघावं, एवढंच.

१. टाइप केलेलं बदलण्याआधी विचारा.
सोळा अंकी नंबर, शून्यानं सुरू होणारा नंबर, ह्यांना हात लावू नका. नोंदणीचा नंबर ००४५ टाकला की ४५ होतो, मग यादीशी जुळत नाही. बदल करायचाच असेल तर एक ओळ येऊ द्या: "हा नंबर मोठा आहे, जसाच्या तसा ठेवू का?" बस्स. तोपर्यंत आपण काय करायचं? नंबर टाकायच्या आधी एक वरचं एकेरी अवतरण चिन्ह टाकायचं, किंवा तो अख्खा रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवायचा. मग नंबर जसाच्या तसा राहतो.

२. महिना अक्षरात दाखवा.
०५-०६ म्हणजे ५ जून की ६ मे? आपल्यासाठी ५ जून, बंदीतली तारीख. पण कॉम्प्युटर अमेरिकन पद्धतीवर लावलेला असेल तर तो ६ मे वाचतो, म्हणजे होडी बाहेर असण्याची तारीख. गंमत अशी की २५-०६ टाकली तर त्याला पंचविसावा महिना सापडत नाही, मग ती तारीख तो नुसते शब्द म्हणून सोडून देतो. त्यामुळे एकाच रकान्यात काही तारखा उलट्या, काही सरळ. क्रम लावला की सगळा खिचडा. "५ जून" असं अक्षरात दिसलं असतं तर चूक त्याच क्षणी डोळ्यात भरली असती. तूर्त सेटिंगमध्ये 'रीजन' भारत आहे का बघून घ्या. आकड्यांचे स्वल्पविराम पण मग लाख-कोटीप्रमाणे पडतात. आणि एक खूण लक्षात ठेवा: आपण काही बदललं नसेल तर खरी तारीख चौकटीत उजवीकडे चिकटते, शब्द समजलेली डावीकडे.

३. शून्य आणि ओ वेगळे दिसू द्या.
बँकेच्या आयएफएससी कोडमध्ये अकरा अक्षरं-आकडे असतात आणि पाचवा नेहमी शून्य असतो. किती जणांनी तिथे इंग्रजी ओ टाकून फॉर्म परत आणलाय, विचारू नका. पडद्यावर दोन्ही अंड्यासारखे गोल. शून्याच्या पोटात एक तिरकी रेघ मारली की विषय संपला. असे फाँट आहेत, प्रोग्रामर लोक स्वतः काम करताना तेच वापरतात. मग ज्या चौकटीत कोड भरायचा असतो तिथे आम्हाला का देत नाहीत?

४. बटणावर काम लिहा.
फाइल बंद करताना प्रश्न येतो. होय, नाही, रद्द. घाईत प्रश्न कोण वाचतो? 'नाही' दाबलं की दोन तासांचं काम गेलं. बटणावरच लिहा: 'जतन करा', 'टाकून द्या', 'परत जा'. काही नव्या सॉफ्टवेअरमध्ये असं आलंय, जुन्यात नाही. आणि बटणांच्या जागा ठरलेल्या असू द्या. विंडोजमध्ये 'ओके' सहसा डावीकडे, 'रद्द' उजवीकडे, मॅकवर नेमकं उलट. आपल्या होडीला डावीकडे लाल दिवा, उजवीकडे हिरवा. मालीमला, कुटबणला, जगात कुठेही जा, हाच नियम. रात्री समोरून येणारी होडी कुठल्या देशाची आहे हे माहीत नसतं, पण ती कुठल्या दिशेला चाललीय ते दिव्यांवरून कळतं. समुद्रावर हे जमतं तर टेबलावर का जमू नये?

५. कागद स्कॅन करताना आधी विचारा, किती केबीत हवा.
फॉर्मला कागद जोडायचा तर तो दोनशे केबीच्या आत पाहिजे असतो. स्कॅनरमधून निघतो तीन एमबीचा. मग तो लहान करायला नेटवरची कुठलीतरी साइट शोधायची आणि आपलं आधार, पासबुक अनोळखी माणसाच्या हातात द्यायचं. हे धोक्याचं आहे, पण लोक रोज करतात, कारण दुसरा रस्ता दिसत नाही. स्कॅनच्या बटणाजवळ एक चौकट द्या: 'अमुक केबीच्या आत'. बाकीचं गणित मशीनने करावं. तोपर्यंत स्कॅन करतानाच रिझोल्यूशन ३०० ऐवजी १०० किंवा १५० ठेवा आणि रंगीत ऐवजी ग्रे निवडा. साधा कागद बहुतेक वेळा बसतो. अक्षरं वाचता येतात ना, तेवढं मात्र पाठवण्याआधी बघा.

६. कीबोर्ड मराठी आहे की इंग्रजी, ते जिथे टाइप करतो तिथे दाखवा.
आत्ता ती खूण पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात असते, मुंगीएवढी. नजर असते कागदावर. अर्धी ओळ टाइप झाल्यावर वर बघावं तर सगळं इंग्रजीत रामायण. कर्सरच्या शेजारी बारीकसा 'म' दाखवा, झालं. आणि ह्याच्याच जोडीला: जुन्या फाँटमधल्या मराठी फाइली. संस्थेची जुनी इतिवृत्तं दुसऱ्या मशीनवर उघडली की नुसती खिळे-चुका. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी जुन्या फाइली तशाच पडून आहेत. अशी फाइल उघडल्यावर सॉफ्टवेअरने स्वतःहून म्हणावं: "ही जुन्या फाँटची दिसते, युनिकोडमध्ये करू?" नाहीतर आपल्या संस्थेचा इतिहास आपल्यालाच वाचता येणार नाही.

आता दोन आक्षेप. आम्ही स्वतःच ते आधी घेतले होते.

पहिला: "ऑफिसातल्या पोरांना नीट कॉम्प्युटर शिकवा, सगळं सुटेल." शिकवायला हवंच. पण एकच चूक तीन वेगवेगळी माणसं करत असतील तर ती माणसाची चूक राहत नाही, हत्याराची होते. विंचची कडी एकदा खलाशाच्या बोटाला लागली तर तांडेल त्याला ओरडतो. तीनदा तीन जणांना लागली तर तांडेल कडी बदलतो. आम्ही मात्र त्या दिवशी कडी न बघता पोरीला ओरडलो.

दुसरा: "आपण लहान माणसं, आपलं कोण ऐकतो?" ह्याला एक खरं उदाहरण देतो. माणसाच्या शरीरातल्या जनुकांना शास्त्रज्ञ नावं देतात. त्यातल्या एकाचं नाव होतं 'मार्च१', दुसऱ्याचं 'सेप्ट१'. एक्सेलमध्ये ही नावं टाकली की ती १ मार्च आणि १ सप्टेंबर होऊन बसायची. कितीतरी शोधनिबंधांच्या तक्त्यांत ह्या चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नावंच बदलली. 'मार्च१' चं 'मार्चएफ१' झालं, 'सेप्ट१' चं 'सेप्टिन१'. म्हणजे एवढे मोठे शास्त्रज्ञ, त्यांनाही तक्त्यापुढे वाकावं लागलं! पण तक्रारी थांबल्या नाहीत, आणि २०२३ मध्ये एक्सेलमध्ये हे आपोआप होणारे बदल बंद करायची सोय आली. उशीर झाला, पण आली. ती सोय नव्या आवृत्तीत सेटिंगमध्ये आहे, तुमच्याकडे असेल तर आजच बघा.

आणि ज्या 'कट, कॉपी, पेस्ट' शिवाय आज कोणाचं पान हलत नाही, ते कुठून आलं? १९७० च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात लॅरी टेसलर आणि टिम मॉट ह्यांनी ते आजच्या रूपात बसवलं. ते सॉफ्टवेअर पुस्तकं काढणाऱ्या एका कंपनीतल्या संपादकांसाठी होतं, आणि ते लोक कागदावर काम कसं करतात हे आधी बघितलं गेलं. कात्रीने कापायचं, दुसरीकडे चिकटवायचं. जे हात करत होते तेच पडद्यावर आलं. काम करणाऱ्याला विचारून बनवलेली गोष्ट पन्नास वर्षं टिकते, ती अशी.

मग आपण काय करायचं?

एक, वही. प्रत्येक संस्थेने, ज्या घरात कॉम्प्युटर आहे त्या घराने पण, एक वही ठेवा. काय करत होतो, काय व्हायला हवं होतं, काय झालं. तीन ओळी पुरेत. जमलं तर पडद्याचा फोटो. नुसतं "चालत नाही" लिहून कोणी काही दुरुस्त करू शकत नाही. इंजिन बंद पडल्यावर मेकॅनिकला आपण आवाज कसा आला, धूर कुठल्या रंगाचा होता, ते सांगतो ना, तसं.

दोन, सूचना पाठवा. विंडोजमध्ये 'फीडबॅक हब' नावाचं साधन त्यासाठीच आहे. लिबरऑफिससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तर कोणीही खातं उघडून चूक नोंदवू शकतो, आणि तिचं पुढे काय झालं ते सगळ्यांना दिसतं. इंग्रजी येत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या पोरांना बसवा. रील बनवण्यापेक्षा बरं काम आहे.

तीन, सगळ्यात सोपं. बऱ्याच संस्थांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर गावातल्या किंवा जवळच्या शहरातल्या माणसानेच बनवलेलं असतं. दरवर्षी देखभालीचे पैसे आपण देतो. त्याला चहाला बोलवा आणि ऑफिसातल्या मुलीच्या शेजारी दोन तास बसवा. काही बोलू नका, नुसतं बघू द्या. आम्ही ह्या बंदीत हेच करतोय. पहिली मागणी ठरली आहे: खातं क्रमांक दोनदा टाइप करायचा, दोन्ही जुळले तरच पुढे जायचं.

आणि चौथी गोष्ट, ती सॉफ्टवेअरवाल्यांना नाही, आपल्याला. आपल्या माणसाला बोलण्याआधी त्याच्या समोरचा पडदा एकदा बघायचा.

त्या सभासदाचे पैसे नंतर जमा झाले. इंजिन वेळेत बसलं, नारळी पौर्णिमेला नारळ सोडताना ते आमच्या सोबत होते. उसन्या पैशांवरचं व्याज मात्र त्यांच्याच खिशातून गेलं. ते कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

तुमच्याकडे कॉम्प्युटरचं काय अडतं ते ऑफिसात येऊन सांगा, वहीत लिहू. वही आता टेबलावर उघडीच असते, आणि पेन दोरीने बांधलंय.