गालगुंड आणि अर्धवट डीबगिंग

लग्नाला दोन वर्षं झाली की "काय मग, गुड न्यूज कधी?" सुरू होतं. चौथ्या वर्षी प्रश्न संपतात आणि सल्ले सुरू होतात. सगळे बायकोला. तिची सोनोग्राफी, तिचं थायरॉइड, तिचेच उपास. नवरोबा बाहेर बाकावर मोबाईल बघत बसलेले! ऑफिसात बग आला आणि कोणी अर्धाच कोड तपासला तर आपण त्याला काय म्हणू? इथे तर जवळपास निम्म्या केसेसमध्ये पुरुषाकडचंही कारण असतं, एकटं किंवा दोघांचं मिळून.

त्यातलं एक जुनं कारण म्हणजे गालगुंड. हो, तेच, लहानपणी गाल सुजून शाळेला सुट्टी मिळायची ते. लहान वयात बहुतेकदा आठवड्या-दोन आठवड्यांत निभावतं. पण वयात आल्यावर झालं तर लस न घेतलेल्या दर १०० पुरुषांपैकी साधारण १५ ते ३० जणांच्या वृषणालाही सूज येते, बहुधा गाल सुजल्यावर चार ते आठ दिवसांनी. वृषणाभोवतीचं आवरण ताणलं जात नाही. आत सूज वाढली की दाब वाढतो आणि शुक्राणू बनवणाऱ्या नलिका चेंगरतात. निम्म्या लोकांत ते वृषण पुढे थोडंफार आकसतं.

घाबरू नका. सूज बहुतेकदा एकाच बाजूला असते, दुसरी बाजू काम करत राहते आणि पूर्ण वंध्यत्व क्वचितच येतं. शुक्राणूंची संख्या मात्र कमी होऊ शकते, आणि ते बाहेरून अजिबात कळत नाही. शरीरसंबंध नेहमीसारखे, दाढी-मिशा जागेवर!

खरी गोची इथेच आहे, असं माझं मत. बाईसाठी आपल्याकडे 'वांझोटी' हा शब्द तयार असतो. पुरुषासाठी थेट 'नपुंसक'. पण मूल न होणं वेगळं आणि संबंध ठेवता न येणं वेगळं. आपण दोन्हीची एकच गाठ मारली, म्हणून साधी वीर्यतपासणी म्हणजे मर्दानगीची परीक्षा वाटते. मग बायको वर्षभर सुया टोचून घेते आणि साहेब "मला काय धाड भरलीय?" म्हणत फिरतात.

वास्तविक सगळ्यात स्वस्त आणि न दुखणारी टेस्ट हीच. दोन ते सात दिवस संयम आणि एक डबी, बस्स. फक्त नुकताच मोठा ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरांना सांगा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे तेव्हाचा रिपोर्ट फसवा येऊ शकतो आणि तीनेक महिन्यांनी पुन्हा करावा लागतो. मोठेपणी गालगुंड झालं असेल तर तेही सांगा. विचारलं नाही तरी.

आणि लस? २०१७ पासून सरकारी लसीकरणात आलेल्या एमआर लसीत गोवर आणि रुबेला आहेत, गालगुंड नाही. ते एमएमआरमध्ये असतं, आणि बालरोगतज्ज्ञांची संघटना तिचीच शिफारस करते. गालगुंडाची लस अमेरिकेत १९६७ सालीच आली होती, बरं का! सरकारने तो दुसरा 'एम' द्यायलाच हवा. तोवर आईला फोन करून आपली जुनी लसीची कार्डं शोधायला सांगा. डोस राहिला असेल तर मोठेपणीही घेता येतो, डॉक्टरांना विचारून.

असो. ज्या मित्राला हे सांगायला हवं असं वाचताना वाटलं, त्याला सांगा. त्याच्या बायकोला नको, त्याला.