कासवाचे उचंत खाते

आमच्या बोईसरच्या इमारतीत गेल्या पावसाळ्यात एक कासव आले. मोठ्या नाण्याएवढे, हिरवे, कानामागे तांबडा पट्टा. शेजारच्या वहिनींच्या नातवाला वाढदिवसाची भेट! आल्या दिवशीच ते माशांच्या टाकीत गेले आणि टाकीचे पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये.

"अहो भाऊ, कासव असले की लक्ष्मी टिकते," वहिनी म्हणाल्या. लक्ष्मीची उठबस मी बँकेत जन्मभर पाहिली. कासव तिथे कधी दिसले नाही.

महिन्याभरात त्याचे डोळे सुजले, खाणे सुटले. गावातल्या गुरांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितले, यातले मला कळत नाही. हा प्रामाणिकपणा मोलाचा, कारण गुरांना सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवाला मारक ठरते. शेवटी मुंबई गाठावी लागली.

बँकेत ज्या रकमेचा उगम कळत नाही ती उचंत खात्यात ठेवतात. नव्या प्राण्याचेही तेच. निदान महिनाभर, जमल्यास तीन महिने, वेगळी खोली, वेगळी भांडी, तळाशी साधे वर्तमानपत्र. त्याचे काम सर्वांत शेवटी करायचे, आठवड्याला वजन करायचे, विष्ठा तपासून घ्यायची आणि हात साबणाने धुवायचे. धडधाकट कासवाच्या अंगावरही साल्मोनेला असू शकतो; लहान मुले ते तोंडात घालतात म्हणूनच अमेरिकेने चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर 1975 मध्ये बंदी घातली. आणखी एक, खिडकीच्या काचेतून येणारे ऊन कासवाच्या कामाचे नाही. हाडे-कवच घट्ट करणारे किरण काच अडवते.

इथून दोन स्टेशनांवर डहाणूला जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारे केंद्र आहे. पावसाळ्यात जाळ्यात अडकलेली ऑलिव्ह रिडले तिथे आणतात. पण ते रानच्या जिवांसाठी. आपल्या हौसेची सोय तिथे कशी मागायची?

आणि काही हौशी तर सरळ गुन्हाच. पाठीवर चांदण्या असलेले तारा कासव 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते घरी आले तर क्वारंटाइन नव्हे, वन खात्याला फोन करायचा. अजगर, इग्वाना अशा आंतरराष्ट्रीय यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी 2024 च्या नियमांनी सक्तीची झाली. दुकानदार हे सांगत नाही, पावतीही देत नाही. आणि नकोसे झाले म्हणून परदेशी कासव तळ्यात सोडणे म्हणजे तिथल्या कासवांच्या तोंडचा घास काढणे.

वहिनींचे कासव वाचले. टाकी बाल्कनीत गेली, तिचे पाणी संडासात जाते. ते तीस वर्षे जगू शकते असे मी सांगितले, तेव्हा वहिनी बोटांवर नातवाचे वय मोजू लागल्या.