दोन एसटींच्या मधलं नागपूर

यवतमाळहून नागपूर दीडेकशे किलोमीटर. मेडिकलमधला पेशंट, हायकोर्टाची तारीख, मुलांचे प्रवेश, लग्नाचा बस्ता. आपल्या जिल्ह्यातून रोज कोणी ना कोणी तिकडे निघतंच. काम उरकायचं, मिळेल ते पोटात ढकलायचं आणि परतीची गाडी गाठायची, ही बहुतेकांची रीत. या धावपळीत एका मोठ्या शहराची चव आपल्याकडून राहून जाते, म्हणून हा अंक नागपूरच्या खाण्यापिण्याला वाहिला आहे. डिसेंबर हीच त्याची वेळ: विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाने शहर गजबजलेलं असतं आणि बाजारात आंबिया बहाराची संत्री असतात.

मोठ्या हॉटेलांची यादी आम्ही दिलेली नाही. सिव्हिल लाइन्स, सीताबर्डी, महाल, इतवारी अशा कामाच्या ठिकाणांजवळ, एका दिवसात, बेताच्या पैशात काय खाता येईल, हे पाहिलं. सकाळी तर्री पोहा: पिवळ्या पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री, वर चिरलेला कांदा. दुपारी सावजी: हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून खानावळीत आलेला, खसखस, खोबरं आणि दगडफुलाच्या वाटणाचा झणझणीत रस्सा. परतताना घरच्यांसाठी संत्रा बर्फी.

पदार्थामागे माणसांचे कष्ट असतात. ते समजून खाल्लं की शहर परकं राहत नाही. तुम्ही नागपुरात कुठे जेवता, ते आम्हाला जरूर लिहून कळवा. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.