चालतें तें बरोबरच, असें नव्हे

आमच्या उमरीस वैशाखाचें ऊन तापूं लागलें म्हणजे घरोघरीं कूलर खिडकीशीं येऊन बसतात. गेल्या उन्हाळ्यांत शेजारच्या एका घरीं गृहिणीनें बटण बंद करून पाणी भरण्यासाठीं कूलरच्या पत्र्यास हात लावला, तोंच तिला जबर झटका बसला. पायांत रबरी चपला होत्या म्हणून ती बचावली. "पण बटण तर बंद होतें!" असें जो तो म्हणूं लागला. याच समजुतीविषयीं दोन शब्द लिहिणें मला अगत्याचें वाटतें.

वायरमननें बोर्ड उघडला तेव्हां उलगडा झाला. फेजची लाल तार थेट सॉकेटाच्या डाव्या भोकास जोडलेली होती आणि न्यूट्रलची काळी तार बटणांतून नेलेली होती. बटण बंद करतांच कूलर थांबे; परंतु 230 व्होल्टांचा दाब त्याच्या अंतर्भागांत तसाच राही. त्यांत ओलाव्यानें तारेचें वेष्टण खराब झालेलें आणि अर्थिंगची हिरवी तार लावलेलीच नाहीं! मग तो दाब पत्र्यावर उतरला यांत नवल तें काय?

कोणी विचारील, मग इतकीं वर्षें कूलर सुरळीत चालला कसा? उत्तर सोपें आहे. घरांतील प्रवाह सेकंदास 50 आवर्तनें करीत दिशा पालटीत असतो. दोन तारांची अदलाबदल झाली तरी मोटारीस त्याचें सुखदुःख नसतें. यंत्रास दोष कळत नाहीं, म्हणूनच तो माणसानें शोधावयास हवा.

सॉकेटाकडे तोंड करून पाहिलें असतां वरचें मोठें भोक अर्थिंगचें, उजवें फेजचें व डावें न्यूट्रलचें असावें. बटण चालू असतां टेस्टर उजव्या भोकांत पेटावा, डाव्यांत पेटूं नये. बटण बंद असतां कोठेंच पेटूं नये. ही परीक्षा वडील माणसांनीं करावी. विद्यार्थ्यांनीं केवळ आठवण द्यावी. दोष आढळल्यास परवानाधारक वायरमनकडून, मेन स्विच बंद करून, लाल तार बटणांतून उजवीकडे, काळी डावीकडे व हिरवी वर जोडून घ्यावी. मात्र एका सॉकेटावर थांबूं नये. चूक मेन बोर्डावरच असेल, तर साऱ्या घराचीं बटणें खोटें बोलत असतात. शिवाय 30 मिलिअँपिअर गळती होतांच पुरवठा तोडणारें यंत्र बसवावें. आणि सर्व ठीक असलें तरी प्लग काढल्यावांचून कूलरांत पाणी कदापि भरूं नये.

या चुकीचें खापर एकट्या वायरमनवर फोडणें मला न्याय्य वाटत नाहीं. मीटरपर्यंतची काळजी वीज कंपनीची, त्यापुढील घराची. आपण स्वस्तांतला कारागीर शोधतों, दिवा लागला कीं समाधान मानतों, आणि अर्थिंगचा खर्च 'पुढें पाहूं' म्हणून टाळतों.

गणिताचें उत्तर जुळलें पण रीत चुकली, तर गुरुजी गुण कापतात, आणि आपण कुरकुरतों. विजेची रीत चुकली असतां मात्र कुरकुरण्यासही अवसर राहत नाहीं. तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, आज घरीं गेल्यावर आईवडिलांना एवढेंच विचारा, "आपल्या घरचे सॉकेट कोणी कधीं तपासले आहेत काय?"