गौतमीचे लेणे

या वर्षावासात मंगरूळपीर तालुक्यातील एका खेड्याच्या विहारात आम्ही ग्रंथवाचनाला बसलो होतो. वाचन संपल्यावर दहावीतील एका मुलीने विचारले, "दान देणारे सगळे राजेच कसे? अशोक, कनिष्क, हर्ष. राण्या काय करत होत्या?" बायका हसल्या. कुणी विशाखेचे नाव घेतले, कुणी आम्रपालीचे. पण त्या दोघी राण्या नव्हेत, आणि आपल्या मुलखातल्याही नव्हेत. मुलीचा प्रश्न तसाच राहिला. आजचे सदर त्या मुलीसाठी.

नाशिकजवळ मुंबई-आग्रा रस्त्याला लागून २४ लेण्यांचा डोंगर आहे. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा तिथे काडीचाही संबंध नाही. शिलालेखांत डोंगराचे नाव तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी, असे स्पष्ट कोरले आहे. निदान आपण बौद्धांनी तरी त्रिरश्मी लेणी म्हणावे. त्यातील ३ क्रमांकाचे लेणे एका राजमातेने भिक्खुसंघाला दिले. तिचे नाव गौतमी बलश्री. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी हा तिचा मुलगा आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी हा नातू.

दानाचा लेख नातवाच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षीचा, उन्हाळ्यातील दुसऱ्या पक्षाच्या तेराव्या दिवसाचा. म्हणजे जवळजवळ १९०० वर्षांपूर्वीचा. भद्रायणीय पंथाच्या भिक्खूंना हे लेणे दिल्याचे त्यात सांगितले आहे. सत्य, दान, क्षमा आणि अहिंसा यांत रमणारी, संयम व उपवास पाळणारी, अशी तिची ओळख त्यात आहे. पुढे नातवाने लेण्यासाठी एक गावही लावून दिले. लेण्याच्या दर्शनी भागात खाली बुटके यक्ष खांद्यावर भार घेऊन बसले आहेत. हमाली केलेल्या माणसाला ती खांद्याची ठेवण पाहताच कळते.

पण आम्हाला त्याहून मोलाचा वाटतो तो तिथलाच आणखी एक लेख. तो मुलाच्या कारकिर्दीच्या २४ व्या वर्षीचा आहे आणि हुकूम राजा व राजमाता या दोघांच्या नावे निघाला आहे. गोवर्धनचा अमात्य श्यामक याला तो पाठविला होता. आधी त्रिरश्मीवरील भिक्खूंना ककडी गावातील शेत दिले होते. पण गाव ओस पडले होते आणि शेत कुणी कसत नव्हते. म्हणून नगराच्या शिवेवरील सरकारी जमिनीपैकी १०० निवर्तने जमीन भिक्खूंना द्यावी, असा तो हुकूम आहे.

आमच्या वाचकांना याचा अर्थ फोड करून सांगायला नको. कागदावर जमीन मिळते आणि प्रत्यक्षात काहीच हाती येत नाही, हे आपल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाहिले आहे. गायरानाच्या पट्ट्यासाठी तहसिलीत किती चपला झिजल्या! १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशभर सत्याग्रह झाला तो उगाच नाही. दान देऊन टाकले, पुण्य पदरी पडले, असे म्हणून ही बाई थांबली नाही. दिलेले पोचले की नाही याचा शोध झाला आणि चूक दुरुस्त झाली. आम्ही तिची श्रद्धा या गोष्टीवरून मापतो, उपवासावरून नव्हे.

आता दुसरी बाजू. आजीच्या त्याच दानलेखात मुलाची थोरवी गायिली आहे. तो आईची सेवा करणारा, प्रजेच्या सुखदुःखात सहभागी होणारा, अपराधी शत्रूचाही जीव घेणे न आवडणारा. विदर्भही त्याच्या राज्यात मोजला आहे, म्हणजे आपला मुलूखही आला. पण तो 'एकब्राह्मण' होता आणि त्याने चार वर्णांचा संकर थांबविला, हेही तितक्याच अभिमानाने कोरले आहे. भिक्खूंना लेणे देणाऱ्या घराला वर्णव्यवस्थाही हवी होती! हे आम्ही लपविणार नाही. मुलाच्या नावापुढे आईचे नाव लागत होते खरे, पण गादी मुलग्यांनाच मिळत होती.

फ्रान्सच्या राजघराण्यात अठराव्या शतकात अशीच एक धर्मनिष्ठ माता होऊन गेली, मारी-जोसेफ. कॅथलिक धर्माचे कडक संस्कार तिने मुलांवर केले. १७६७ साली ती क्षयाने वारली तेव्हा तिचे तीन मुलगे १२, ११ आणि ९ वर्षांचे होते. तिघेही पुढे राजे झाले. थोरल्या सोळाव्या लुईला १७९३ साली क्रांतीने गिलोटिनवर चढविले. धाकट्या दहाव्या चार्ल्सच्या राज्यात १८२५ मध्ये चर्चमधील पवित्र वस्तूंच्या विटंबनेला देहदंडाचा कायदा झाला आणि १८३० मध्ये त्याला गादी सोडावी लागली. याचा दोष आईला देणे अन्यायाचे होईल. पण तिची भक्ती राजवाड्याच्या भिंतीबाहेर, उपाशी माणसापर्यंत पोचेल अशी व्यवस्था त्या राज्यात नव्हती. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द त्या राज्याविरुद्धच्या क्रांतीतून जगभर गेले. बाबासाहेबांनी मात्र १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले की, ही तत्त्वे आपण फ्रान्सकडून नव्हे, आपले गुरू बुद्ध यांच्याकडून घेतली.

हे सर्व आम्ही पुढच्या रविवारी विहारात सांगितले. जन्मभर निंदण-खुरपण केलेली एक आजी म्हणाली, "राजाच्या मायनं शेत बदलून देल्लं, हे तं आमाले कोनी सांगतलंच नाई." ती मुलगी वहीत लिहून घेत होती. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लिहायचे, असा शासनाचा निर्णय झाला आहे. तिचा जन्म त्याआधीचा. तरी तिने वहीच्या पहिल्या पानावरचे आपले नाव खोडले आणि मधे आईचे नाव घालून पुन्हा लिहिले. आई शेजारीच बसली होती. तिला वाचता येत नाही, म्हणून मुलीने ते तिला वाचून दाखविले.